घोड्याचं खिंकाळणं

माझं माहेर सटाण्याकडचं. आमच्याकडे कांदे काढताना बायका हसल्या की पलीकडच्या बांधापर्यंत ऐकू जायचं. मीही तशीच हसायची, मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

लग्न होऊन पंचवटीत आले. सासूबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्यांच्याकडे शब्द होते. नवी नवरीच होते मी, घरात पाहुणे बसलेले, दीर काहीतरी बोलले आणि मला हसू फुटलं. सासूबाई चहा गाळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माणूस हसतो. घोडा खिंकाळतो. तुमच्याकडे हा फरक शिकवत नाहीत का?"

पाहुणे हसले. नवराही हसला.

मग माझ्या प्रत्येक आवाजाला शब्द मिळत गेला. जेवायची ती मचमच, चालायची ती धपधप, आईशी फोनवर अहिराणीत बोलायची तो कलकलाट. मी ओठ मिटून जेवायला लागले. फोन गच्चीवर जाऊन करायला लागले. हसू आलं की पदर तोंडात धरायची. पुढे पदराचीही गरज उरली नाही. एकदा आई भेटायला आली, भावाची काहीतरी गंमत सांगत होती, आणि माझ्या तोंडाकडे बघून मधेच थांबली. "काय व, दात दुखस का तुना?"

मुलगी दुसरीत गेली. तिचा अभ्यास आजीच घ्यायची. त्या दिवशी ध्वनिदर्शक शब्द होते. पानांची सळसळ, ढगांचा गडगडाट, गाईचं हंबरणं. मी आत पोळ्या लाटत ऐकत होते. पोरगी घोड्यापाशी अडली.

"सोपं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुझी आई हसते कशी? खिंकाळते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ती मैत्रिणींना घेऊनच गेटपाशी आली. "आई, घोड्याचं फक्त मलाच आलं. बाईंनी विचारलं, लक्षात कसं राहिलं, मी सांगितलं. आता यांना हसून दाखव ना."

"काकू, एकदाच," मैत्रिणी म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर आला. पोरी वाट बघत राहिल्या.

"घरी हसते ती," मुलगी म्हणाली. मग तिलाच शंका आली. तिने मला हसताना कधी ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी तिने आजीला गाठलं. "आई तर खिंकाळत नाही. तू खोटं सांगितलंस?"

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांना राग आला नव्हता, उलट बरं वाटलेलं दिसत होतं. "आता नाही खिंकाळत. मी सुधारलं तिला. आली तेव्हा ऐकायला हवं होतंस."

नवरा मोबाईलमधून मान वर न करता हसला.

"आई, निदान मुलीसमोर तरी नको," मी सासूबाईंना म्हटलं.

"मी तिला शब्द शिकवत होते," त्या म्हणाल्या. "त्यात तुला काय झालं?"

सकाळी मी मुलीची वेणी घालत असताना ती म्हणाली, "आज तू येऊ नकोस. बाबाला पाठव."

"का गं?"

"त्या मुली परत हसून दाखव म्हणतील. तुला येत नाही."

मी वेणीला रबर लावला. तेव्हापासून तिला आणायला तिचा बाबाच जातो.