थोरल्यांची वाट आणि काळजातला फुगा

समस्त भाऊबंद आणि पैपाहुण्यांना कळवण्यात येते की, आमच्या घराण्यात थोरल्या काकांना विचारल्याशिवाय कोणीही आजारी पडू नये. पडल्यास घराणे जबाबदार नाही.

हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. पण सोयरीक असो, विहीर असो, म्हशीचा सौदा असो, आटपाडीहून थोरल्यांचा होकार आल्याशिवाय पान हलत नसे. नव्वदच्या दशकात एका सकाळी आष्ट्यात धाकट्या काकांच्या छातीत कळ आली आणि कायदा मोडला. आम्ही त्यांना जीपमध्ये आडवं घालून सांगलीला आणलं.

डॉक्टर म्हणाले, "झटका मोठा आहे. हृदयात रक्त ढकलायचं बळ उरलेलं नाही. औषधं चालू आहेत, पण प्रेशर वर येत नाही. मांडीतल्या धमनीतून एक फुगा आत सोडू. तो ठोक्यांच्या मधे फुगेल, हृदयावरचा भार जरा हलका होईल. सही कोण करतंय?"

झालं! आमच्यातले यच्चयावत पुरुष एकदम छताचा पंखा न्याहाळू लागले.

"थोरलं निघाल्यात," मधले काका पुटपुटले. "येस्टीनं येत्यात. तवर औषधावर भागतंय का बघूया की."

"भागेलही," डॉक्टर म्हणाले. "फुग्यातही धोका आहे, पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो. पण मूत्रपिंडं थकल्यावर घातला तर फारसा उपयोग नाही. कधी घालावा, यावर आम्हा डॉक्टरांतही वाद आहेत. मला विचाराल तर आत्ता."

डॉक्टरांचा हा प्रामाणिकपणा मला आजही आवडतो. आमच्याकडे थांबणं म्हणजे अदब. थांबणं हाही एक निर्णय असतो, आणि त्याची किंमत आत निजलेला माणूस मोजतो, हे तोवर कोणाला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या काकू आतून बाहेर आल्या. दिरांपुढं कधी आवाज न काढलेली बाई.

"पाय बर्फागत गार पडल्यात त्यांचं. कुठं करायची सही?"

"आगं, थोरलं येऊ देत..."

"येतील तवा येतील!"

फुगा आत गेला. दुपार कलताना प्रेशर हळूहळू चढलं, पाय कोमट झाले. फुग्यानं की औषधानं, ते डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.

मग थोरले आले. पुरुषमंडळी ताडकन उठली.

"सही कुणी केली?"

सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं. त्यांनी पदर सावरला. "म्या केली, दादा."

थोरल्यांनी काचेतून भावाकडं पाहिलं. मग ते आमच्याकडं वळले आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असे कडाडले, "आन् तुमी कशापायी थांबला हुता? मी काय येस्टीतनं त्याचा जीव घिऊन येत हुतो व्हय रं?"