गुलाबी लुगड्यातली बाई

आमच्या वडगावात प्रवासाला निघालेल्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळायच्या, सल्ला आणि भीती. मी आईला घेऊन बुद्धगयेला निघालो तेव्हा सगळी विणकर आळी आमच्या दारात जमली. "अनोळखी माणसाच्या हातचं काय खाऊ नकासा वैनी, पेढ्यातनं गुंगी घालत्यात," असं बजावणाऱ्या शेजारणीनं वाटेसाठी पेढा सोडाच, चटणीची पुडीसुद्धा दिली नाही.

जायचं कारण माझी थोरली बहीण. लग्नाआधीच ती तापाच्या साथीत गेली. बिनलग्नाच्या पोरीला पिंड नाही, पाणी नाही, असं भटजींनी पोथी न उघडताच सांगून टाकलं. आईनं ते ऐकून घेतलं आणि ती पुन्हा मागाच्या कांड्या भरायला बसली. पुढं काही वर्षांनी सुताचा एक व्यापारी काशी-गया करून आला. तो म्हणाला, गयेच्या पलीकडं बुद्धाचं देऊळ आहे, तिथल्या पिंपळाखाली कुणीही कुणासाठीही दिवा लावतं, विचारणारा कुणी नसतो. एवढं ऐकलं आणि आईनं बोचकं बांधायला घेतलं. बुद्ध म्हणजे आपल्याच देवाचा नववा अवतार, तेव्हा धर्म बाटायचा प्रश्न नव्हता. बाटायचा प्रश्न फक्त पाण्याचा होता.

पुण्याच्या पुढं गाडीत आम्हाला 'आपला माणूस' भेटला. निपाणीचा तंबाखूवाला. आपली बोली ऐकून आईला इतकं भरून आलं की तिनं दशम्यांचं फडकंच त्याच्यापुढं सोडलं. त्यानं निम्म्या दशम्या खाल्ल्या, निपाणीचं पाणी कसं गोड ते सांगितलं आणि आमच्या बाकावर पाय पसरून घोरायला लागला. आई बोचक्यावर अंग चोरून बसली. समोरच्या बाकावर एक दाढीवाले खानसाहेब होते. ते उठले, आपली जागा त्यांनी आईला दिली आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले.

सीमेवरच्या माणसाला जगात दोनच भाषा असतात. ज्याला मराठी कळत नाही त्याला कानडी येतेच, अशी आईची पक्की समजूत. मनमाड गेलं तरी ती समजूत गेली नाही, फक्त आवाज चढला. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं "नीर कोड्री" म्हटलं. एका स्टेशनावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगवेगळे घडे होते. खानसाहेब आमचा तांब्या घेऊन उतरले, गर्दीत घुसले आणि आठवणीनं हिंदू पाणी भरून घेऊन आले. आता आली का पंचाईत! पाणी हिंदू, तांब्या आमचा, हात तेवढा खानसाहेबांचा. आईनं त्यांना हात जोडले, तांब्या खिडकीत ठेवला आणि पुढच्या वळणावर गाडीच्या हिसक्याचं निमित्त करून कलंडू दिला. माझ्या घशाला कोरड पडली होती. मनातल्या मनात मी आमच्या अख्ख्या आळीला शिव्या घातल्या.

असं धर्म सांभाळत, उपाशीतापाशी आम्ही बुद्धगयेला पोचलो. देवळाच्या पायऱ्यांशी आई मटकन खाली बसली, तिचे डोळे पांढरे झाले आणि ती आडवी झाली. मी घाबरून गेलो. हिला इथं काही झालं तर कुणाला हाक मारायची, आणि कुठल्या भाषेत?

तेवढ्यात एक म्हातारी आली. ब्रह्मदेशातून यात्रेला आलेली भिक्षुणी. डोकं तासलेलं, अंगावर गुलाबी वस्त्रं. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं, ताडाच्या पंख्यानं वारा घातला, तोंडावर पाणी शिंपडलं. आईनं डोळे उघडले आणि त्या तासलेल्या डोक्याकडं बघत राहिली.

"बामणाची हाय रं, बिचारी," ती माझ्या कानात म्हणाली. "सोवळी झालीया. पर गुलाबी न्हेसलीया बघ. हितली मानसं बरी हैत, विधवेला रंग तरी न्हेसू देत्यात."

ही बौद्ध, समुद्रापलीकडची, हिच्या जातीचा पत्ता हिच्या देवालासुद्धा नसेल, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण म्हातारीनं पानावर भात काढला होता, भाताचा घास करून आईच्या तोंडाशी धरला होता. बामणीच्या हातचं म्हणून आईनं आ केला. बाटण्यासाठी इतका चांगला भात पुन्हा मिळाला नसता.

जेवून आईला तरतरी आली. "बर्री, कुंदर्री," असं म्हणून तिनं म्हातारीला आपल्याजवळ बसवून घेतलं आणि कानडीतून सुखदुःख सांगायला लागली. म्हातारी आपल्या ब्रह्मी बोलीत उत्तरं देत होती. दोघींचं कुठं अडलेलं दिसलं नाही. मग दोघी हात धरून पिंपळाखाली गेल्या. आईनं बोचक्यातून पणती काढली, वात सारखी केली. म्हातारीनं तिच्याकडं बघून भुवया उंचावल्या. कुणासाठी?

आमच्याकडं कुंवार गेलेल्या पोरीचं नाव घेत नाहीत, घेतलं तर ती घरात घुटमळते म्हणतात. बहीण गेल्यापासून आईच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलं नव्हतं. तिथं तिनं ते घेतलं, स्पष्ट, मोठ्यानं. म्हातारीनं हात जोडून तेच नाव उच्चारलं, पण चुकीचं. आईनं दुरुस्त केलं. म्हातारीनं पुन्हा म्हटलं, आता वेगळंच चुकलं. आईनं पुन्हा सांगितलं. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी म्हातारीनं अगदी बरोबर म्हटलं. आईनं मान हलवली, "न्हाय, आसं न्हाय," म्हणाली आणि तिला परत म्हणायला लावलं.