आधी माठ, मग बॅटरी

बाळांनो, मे महिन्यात आपल्या सोलापुरात लोखंडी फाटकालासुद्धा ताप चढतो. अशा गावात नुसती तापलेली वस्तू कोणती आणि आजारी वस्तू कोणती, हे हात लावून सांगणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे, आणि तो आपल्या घरी येतो. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. मूळचे ते मंद्रूपचे. त्यांच्या मुलीला मी शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हापासून ते मला 'बाई' म्हणतात आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत. बॅटरीच्या खोक्यावर मात्र खुशाल बसतात.

त्यांचं सगळं शास्त्र उजव्या हाताच्या पाठीत आहे. आई लेकराचं कपाळ बघते तसा ते हात बॅटरीला लावतात, पण त्याआधी तो पाण्याच्या माठाला टेकवून निववून घेतात. माठ नसलेल्या घरात ते कामच धरत नाहीत. हाताची जाण मरू नये म्हणून चहा बशीत ओतून, पार निवल्यावर पितात. पाहुण्याचा मोबाइल दिसला की नमस्काराआधी तो उलटा करून पाठ चाचपतात. मोडनिंबला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. सगळे अक्षता घेऊन उभे, आणि हे मांडवामागे लाउडस्पीकरच्या बॅटरीपाशी. तिथून येऊन त्यांनी गुरुजींच्या कानात सांगितलं, "जरा आटपा, हिचं काय खरं न्हाय." गुरुजी रागावले आणि मुद्दाम सावकाश म्हणू लागले. शेवटच्या मंगलाष्टकात त्यांचे फक्त ओठ हलताना दिसले. नवरी हसली ती फोटोत कायमची.

तुम्हाला ठाऊक आहे, आजोबांना आता दिवसातले बरेच तास ऑक्सिजनचं मशीन लागतं. वीज गेली की ते इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्यांवर चालतं, म्हणून त्या बॅटऱ्यांची फाइल मी नीट ठेवली आहे. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका दुकानातून तपासनीस मुलगी आली होती. सकाळच्या गारव्यात तिनं मीटर लावलं आणि दोन्ही उत्तम असल्याचा कागद लिहून दिला. मी तो फाइलला लावला आणि निर्धास्त झाले. मे महिन्यात एका दुपारी आमचे बॅटरीवाले सहज डोकावले, तेव्हा मी कौतुकानं त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी कागद वाचला नाही. ते बॅटऱ्यांकडे बघत राहिले. धूळ बसू नये म्हणून मी त्यांच्यावर एक जुनी सोलापुरी चादर, चारी कोपरे सारखे करून, घातली होती.

"बाई, ह्यांना थंडी वाजती काय?"

मला राग आला. आपल्या घरात उघडी पडलेली एकही वस्तू कुणी दाखवावी. मी म्हटलं, मीटरनं चांगल्या म्हटल्या आहेत. ते म्हणाले, "मीटर खोटं बोलत न्हाय की. पण इचारलं तेवढंच सांगतंय."

त्यांनी चादर काढली, दोन्ही बॅटऱ्या निवू दिल्या, मग मेन स्विच बंद करून मशीन बॅटरीवर चालवलं. आजोबांपाशी भरलेला सिलिंडर होता, तरी माझा जीव टांगणीला लागला. दर दहा मिनिटांनी माठ, मग डावी. पुन्हा माठ, मग उजवी. मी वही घेऊन बसले आणि आकडा असावा म्हणून तापाचं थर्मामीटर आधी भिंतीला लावून पाहिलं. त्याच्या मते भिंतीलाच दवाखान्यात न्यायला हवं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, आकडा राहू द्या, दोघींतला फरक बघा. एकाच गाडीला जुंपलेले दोन बैल, चढ एकच. ज्याला आधी घाम फुटतो आणि जो उशिरा निवतो, तो थकलेला. आणि थकलेली बॅटरी तशीच असते, काम थोडं, ताप फार. डावी भिंतीला चिकटून, माझ्या चादरीखाली, तीन उन्हाळे शिजली होती. मी माझा हात लावला. फरक मलासुद्धा कळला.

नुसती डावी बदला, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. "जोडी एका वयाची लागती, बाई. न्हाईतर जुनीच्या पायी नवी बी लवकर थकती." त्यांनी त्याच दिवशी स्वतःच्या दुकानातली जोडी आणून बसवली.

चौथ्या दिवशी वळवाच्या वाऱ्यात तारा तुटल्या. वीज दुपारी गेली ती दिवेलागणीला आली. आजोबा तेवढा वेळ घोरत होते. मी मात्र माठ आणि बॅटऱ्या यांच्यामध्ये येरझारा घालत होते, आणि दोघी सारख्याच कोमट होत्या. संध्याकाळी बॅटरीवाल्यांचा फोन आला. इथून काढून नेलेली जुनी डावी त्यांनी दुकानात तेवढ्याच भारावर लावून पाहिली होती. "अर्ध्या तासात गेली की, बाई." आवाजात विजय नव्हता. लई राबली, एवढंच म्हणाले. मी तपासणीचा कागद फाइलमधून काढला आणि त्या जागी माझ्या वहीतलं पान लावलं.

आता ते दर रविवारी येतात. माठ, डावी, माठ, उजवी, मग आजोबांचं कपाळ. परवा जाताना उंबऱ्यात थांबले. आजोबांना उठवताना, बसवताना माझी होणारी धावपळ ते बराच वेळ बघत होते. म्हणाले, "जोडीतलं चांगलं हाय तेच दुसऱ्याचं बी वझं वढून आधी तापतंय कधीकधी. तुमी बी दुपारचं पडत जावा जरा." मी त्यांना माझं दिवसभराचं वेळापत्रक सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. हाताची पाठ माठाला टेकवली, चांगली गार होऊ दिली, आणि मग माझ्या कपाळाला लावली. चादर आता कपाटात आहे, घडी करून. तुम्ही आलात की काढीन.