ट्रक वळण्यापुरती जागा

फ्रीमाँटला तुमच्या घरी खालची खोली आमच्यासाठी तयार होती आणि आम्ही आलो नाही. तुम्ही दोघांनी फोनवर "व्हाय, आजी?" म्हणून विचारलंत, तेव्हा मी "स्नो खूप आहे रे" असं सांगून वेळ मारून नेली. खरं कारण लांबलचक आहे, आणि फोनवर इतकं बोलायचा मला हल्ली थकवा येतो. म्हणून लिहून काढते आहे. आईकडून वाचून घ्या. तिलाही यातलं निम्मंच माहीत आहे, तेव्हा तिने मधली पानं गाळू नयेत.

तुम्ही आमच्याकडे येता ते जूनमध्ये. तेव्हा आमचा रस्ता म्हणजे तुमची सायकल चालवायची जागा असते. मोठ्या रस्त्यावरून तो सुटतो, ओढा ओलांडतो, मग चढ लागतो, चढावर एक आंधळं वळण, त्यानंतर आमचं घर, आणि आमच्यापुढे एक जुना गोठा. तिथे रस्ता संपतो. पुढे जंगल. रस्ता आमचा नाही, टाउनशिपचा आहे. टाउनशिप म्हणजे इथली ग्रामपंचायत समजा: निवडून आलेली तीन माणसं, एक पत्र्याची शेड, दोन ट्रक, आणि सगळ्या रस्त्यांची कामं बघणारा एक ड्रायव्हर. उन्हाळ्यात तो कडेचं गवत कापतो, खड्ड्यांत डांबर भरतो, रस्त्याखालचे तुंबलेले पाइप मोकळे करतो. हिवाळ्यात ट्रकच्या तोंडाला प्लाऊचं मोठं पातं लावून बर्फ बाजूला ढकलतो आणि मागून मीठ आणि बारीक खडी पसरत जातो. आपण फाटकातला बर्फ उपसून घरात येऊन चहा ठेवावा, की हा येतो आणि त्याच फाटकात नवा ढीग लावून जातो. त्याला इलाज नसतो, पण राग येतोच.

शेवटपर्यंत गेलेल्या ट्रकला परत फिरायला जागा लागते, हे इतकी वर्षं इथे राहून माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ट्रक गोठ्यापुढच्या अंगणात वळायचा. तिथला म्हातारा शेतकरी काही बोलायचा नाही, त्याचा बापही बोलला नसणार. कोणी परवानगी मागितली नाही, कोणी दिली नाही, वहिवाट होती एवढंच. तो म्हातारा गेला. मुलांनी जागा विकली. नवा मालक शहरात राहतो, हरणांच्या शिकारीच्या मोसमात तेवढा येतो. माणूस वाईट नाही, भेटला की हात करतो. पण त्याने अंगणाच्या तोंडाला साखळी लावली. ट्रकचा ड्रायव्हर तिथे उतरला, घसरला, हात मोडून घेतला तर जबाबदार कोण, असं त्याच्या वकिलाने त्याला विचारलं म्हणे.

त्यामुळे गेल्या हिवाळ्यात ड्रायव्हर दर वेळी ट्रक उलटा घेत सगळा उतार उतरला. मागे बघत, त्या आंधळ्या वळणावरून. एकदा मागचं चाक चरात गेलं आणि दुसरा ट्रक येऊन ओढेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. पानगळ सुरू झाली तेव्हा त्याने टाउनशिपला सांगून टाकलं की यंदा तो उलटा येणार नाही.

मीटिंग शेडमध्येच भरते. डिझेलचा वास, पातळ कॉफी, घडीच्या खुर्च्या. अध्यक्षबाई मेंढ्या पाळतात, बोलायला सरळ आहेत; आजोबा प्रोफेसर होते, म्हणून सगळ्यांसारख्या त्याही त्यांना डॉक म्हणतात. त्या म्हणाल्या, "रस्ता बंद नाही करत आहोत. फक्त हिवाळ्यात वळणापर्यंत साफ करू. पुढचं ज्याचं त्याने बघावं."

"पुढे आम्हीच आहोत," आजोबा म्हणाले. "आम्ही दोघंही सत्तरी ओलांडलेले. ॲम्ब्युलन्स काय वळणावर येऊन थांबणार?"

"म्हणूनच म्हणते, डॉक. वळायला जागा द्या, आम्ही दारापर्यंत येतो."

कुठली जागा, हे त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. आमच्या त्या चढावर रस्त्याला लागून सपाट अशी एकच जागा आहे, आणि तिथे तुमच्या आजोबांचे वाफे होते.

ते वाफे तुम्ही पाहिलेत. मेथी, भेंडी, गवार आणि त्या मिरच्या. ड्रायव्हरने एकदा त्यातली एक कच्ची खाऊन पाहिली, तेव्हापासून तो त्यांना "डॉकचं डिझेल" म्हणतो. तुम्ही न पाहिलेली गोष्ट म्हणजे ती माती. इथली जमीन दगडांची. दर हिवाळ्यात गोठलेली जमीन खालून नवे दगड वर ढकलते. आजोबांनी वर्षानुवर्षं ते वेचले, पानं कुजवली, म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून शेणखत आणलं. युनिव्हर्सिटीतली नोकरी संपल्यावर स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं घर विकून इकडे आलो, ते या मातीसाठीच. मी त्यांच्यामागून आले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "गावाकडे भाऊबंद दर वर्षी बांध सरकवत होते. कंटाळून सही करून सगळं त्यांना देऊन टाकलं. आता इथे टाउनशिपला देऊ? माझ्या नशिबात काय सह्याच करायच्या आहेत?"

"अहो, कोणी घेत नाहीये. नुसतं वळायला मागताहेत."

"बांधही नुसता सरकतच होता."

मी इंग्रजीत शिकले आणि आजोबांना कागदपत्रांचा कंटाळा, त्यामुळे आमच्या घरात सरकारी पत्रांची उत्तरं नेहमी मीच लिहिते. मी दुसरी जागा शोधायला घेतली. रस्त्यापलीकडे, टपालपेट्यांच्या मागे, एक तुकडा बऱ्यापैकी सपाट वाटत होता. चौकटीच्या कागदावर नीट आखून, मापं घालून नकाशा केला आणि शेडमध्ये नेऊन दिला. कोरड्या दिवशी ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन प्रयोग करायला आला. पुढचं चाक त्या उंच गवतात शिरलं आणि तसंच खाली जात राहिलं. गवताखाली उतार होता. पातं जमिनीत रुतलं, ट्रक वाकडा झाला. बऱ्याच खटपटीनंतर तो बाहेर आला.

"मॅम," खिडकीतून तो म्हणाला, "कागदावर मस्त वळला होता."

त्या दिवशी मला हसू आलं नाही. घरात येऊन मी खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ कोट काढायचंसुद्धा सुचलं नाही. तुमची आई रोज फोन करत होती. "आई, विषयच संपवा ना. नोव्हेंबरमध्ये इकडे या, मार्च संपला की जा. तिकिटं मी बुक करते, तुम्ही कॅन्सल करू नका म्हणजे झालं." खोलीचे फोटो पाठवले, पलंगाचे, खिडकीतून दिसणाऱ्या लिंबाच्या झाडाचे. तुमच्यापैकी धाकट्याने उशीवर आपला डायनोसॉर ठेवला होता. ते फोटो मी आजोबांना दाखवले.

"पाच महिने त्या टाउनहाऊसमध्ये मी काय करू?" ते म्हणाले. "गॅरेजमध्ये मेथी लावू?"

"नातवंडांना शाळेतून आणा."

"त्यांना आणायला त्यांचा बाप आहे, गाडी आहे. मला तो फ्रीवे झेपत नाही, तुला ठाऊक आहे."

"मग इथे काय करणार आहात? बर्फ पडल्यावर वळणापासून घरापर्यंत दूध-भाजी कोण आणणार? मी?"

"नव्या मालकाशी बोलू. साखळी काढेल तो."

"बोललात ना? काय म्हणाला?"

"वकिलाला विचारतो म्हणाला."

असं आठवडाभर चाललं. तेच प्रश्न, तीच उत्तरं, मधे कुकरची शिट्टी. शेवटी एका दुपारी पोळ्या लाटता लाटता मी लाटणं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही, तेवढं त्राणच नव्हतं. म्हटलं, "अहो, मी फ्रीमाँटला जाते. एकटी. तुम्ही तुमच्या मेथीपाशी राहा. माझ्याच्याने आता होत नाही."

हे मी त्यांना घाबरवायला बोलले नव्हते. मला खरंच यायचं होतं. तुमच्या आईच्या हातचा आयता चहा प्यायचा होता, बाहेर किती डिग्री आहे हे न बघता दार उघडायचं होतं. बॅग कुठली घ्यायची, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

आजोबा ताटातली पोळी अर्धी ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर रस्त्यावर टाउनशिपची पिकअप उभी आणि आजोबा ड्रायव्हरबरोबर वाफ्यांत. प्लाऊवाल्याला रस्त्याची कड कळावी म्हणून बर्फाआधी कडेला केशरी काठ्या रोवतात, तशा काठ्यांचा भारा आजोबांच्या काखेत होता. मी शाल घेऊन बाहेर गेले.

"इथपर्यंत पुरे," आजोबा एक काठी रोवत म्हणत होते.

"डॉक, अजून मागे."

"मागे गवार आहे."

"गवार काय असतं ते मला ठाऊक नाही, पण ट्रकचं ढुंगण तिथपर्यंत येतं."

"जरा जपून वळवलास तर नाही येणार."

"अंधारात, वारा सुटलेला, काच बर्फाने भरलेली, त्यात मी गवार जपू? ही शॉपिंग कार्ट नाहीये."

आजोबांनी काठी उपटली आणि मागे रोवली. मग आणखी मागे. मिरच्यांचा एक कोपरा वाचेल असं वाटत होतं. ड्रायव्हर त्याच्या दुखऱ्या गुडघ्याने लंगडत पलीकडे जाऊन उभा राहिला आणि नुसती मान हलवली. आजोबांनी तीही काठी हलवली. वाफ्यांतलं काहीच उरलं नाही.

माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं. आता राहशील ना?"

चारचौघांत विचारलं असतं तर मी काहीतरी गोल उत्तर दिलं असतं. पण तिथे तो ड्रायव्हर एकटाच होता, त्याला मराठी कळत नव्हतं, आणि आजोबांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता. मी हो म्हटलं. जायचं म्हणून बोलले होते, आणि त्यामुळेच राहायची वेळ आली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. तुमच्या आईला वाटतं की बाबा हट्टाने राहिले. तसं नाही. ते मला धरून राहिले, आणि वाफे गेल्यावर त्यांना सोडून यायला माझं मन होईना.

कराराचा कागद आला तो मी वाचला. जमीन आमच्याच नावावर राहते, टाउनशिपला तिथे वळायचा हक्क. "नाव आपलं, चाकं त्यांची," म्हणत आजोबांनी सही केली.

खडी पडायच्या आधी वरची माती उचलायची, असं त्यांनी ठरवलं. स्वयंपाकघरामागच्या उतारावर ती टाकायची. पहिल्या मोठ्या पावसात ती उतारावरून वाहून जाणार हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. तरीही ते फावड्याने एकचाकी गाडी भरत, मी माझ्याने झेपेल तेवढी माती बादलीत घेत असे. कमर धरली की घरात जाऊन पडायचं, उठलं की पुन्हा बाहेर. ड्रायव्हर खडीचा अंदाज घ्यायला आला आणि आमच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुम्ही दोघं वेडे आहात," आणि परत जाऊन लोडर घेऊन आला. त्या लोडरने उरलेली सगळी माती थोड्याच खेपांत उचलून मागे नेऊन ओतली. आजोबा रिकामी गाडी धरून उभे होते.

"एवढीशीच होती?" ते म्हणाले.

मी "हात धुवा, जेवायला वाढते," म्हटलं.

यंदा बर्फ खूप पडला. ट्रक प्रत्येक वेळी दारापर्यंत आला. पात्याचा डांबरावर घासण्याचा आवाज वळणापलीकडून ऐकू यायला लागला की आजोबा हातातलं पुस्तक ठेवतात, कोट, टोपी, बूट चढवतात आणि पोर्चमध्ये जाऊन उभे राहतात. ट्रक पुढे जातो, मागे येतो, काठ्यांच्या आत वळतो. एकदा एक काठी मोडली, तेव्हा आजोबांनी पोर्चमधूनच हात उंचावून ओरडून सांगितलं, आणि ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मग जाताना आमच्या फाटकात बर्फाचा ढीग लावून गेला.

रस्ता अगदी काळाभोर, स्वच्छ असतो. त्याच्यावरून आम्ही या आठवड्यात कुठेही गेलेलो नाही. जायचं कुठेच नव्हतं. फाटकातला ढीग आम्ही दोघं हळूहळू उपसतो, ते एका बाजूने, मी दुसऱ्या. नंतर दारातल्या बाकावर बसून आजोबांना बूट काढायला हल्ली फार वेळ लागतो. मी खाली बसून टाच धरते, ते पाय ओढतात. एक बूट निघाला की आम्ही जरा थांबतो. मग दुसरा.