फसली सन आणि लोणच्याची बरणी

परभणी स्टेशनाच्या फलाटावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी पत्र्याची ट्रंक खांद्यावरून उतरवली ती इतकी जपून, की आत मूल झोपलंय असं बघणाऱ्याला वाटावं. ट्रंकेत कपडे थोडे होते आणि कॉम्प्युटरची पुस्तकं त्याहून थोडी. बाकी सगळी ज्वारी. त्या ज्वारीच्या मधोमध, गळ्यापर्यंत बुडवलेली, मायच्या कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी होती. मी घरी म्हणून पाहिलं होतं की मी हैदराबादला चाललोय, तिथली माणसं लोणच्यावरच जगतात. मायनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अण्णांना लोणच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं लक्ष बरणीवर.

"ज्वारीत ठिवली की फुटत नाही," ते म्हणाले. "आन् पोचल्यावर ज्वारीबी कामाला येती."

मीटर गेजची गाडी आली. चढता चढता मी त्यांना म्हणालो, पोचलो की खुशाली कळवतो.

"खुशाली हायच. बरणीचं कळीव."

गावाकडे राहिलेल्या माझ्या मित्रांनो, आणि माझ्यासारख्याच ट्रंका उचलून निघालेल्यांनो, तुमच्या ट्रंकेत काय होतं ते तुम्हाला ठाऊक. मी मात्र आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातली पर्मनंट नोकरी सोडून निघालो होतो, आणि त्या काळी आमच्याकडे पर्मनंट नोकरी सोडणारा माणूस एकतर आजारी असायचा नाहीतर संन्यासी. उदारीकरण हा शब्द पेपरात रोज येत होता. त्याचा अर्थ आमच्या पारावर कुणाला कळत नव्हता, मलाही फारसा नाही. एवढंच कळत होतं की बाहेरून यंत्रं येऊ लागलीत आणि ती चालवायला माणसं हवीत. हैदराबादच्या एका कंपनीनं बोलावलं, मी गेलो.

काचीगुड्याला उतरलो आणि नारायणगुड्यात एका तेलुगू कुटुंबाच्या माडीवर खोली घेतली. ट्रंकेतली ज्वारी दळायला नेली तेव्हा गिरणीवाल्यानं विचारलं, "जोन्नलु?" मी अंदाजानं मान हलवली, आणि तो मला दुसरा तेलुगू शब्द येत नाही हे न जुमानता पुष्कळ वेळ माझ्याशी बोलत राहिला. भाकरी मला नीट थापता यायची नाही. लोणचं होतं म्हणून ती खाल्ली गेली. हळूहळू माझ्या बोलण्यात 'नक्को' आणि 'हौ' शिरले, जेवणात पप्पू, म्हणजे तिकडचं वरण, आलं. अण्णांना पहिलं कार्ड टाकलं त्यात एकच ओळ लिहिली, 'बरणी पोचली, फुटली नाही.' त्यांचं उत्तर त्याहून लहान होतं, 'छान.'

काही वर्षांनी कंपनी सोडली आणि स्वतंत्र सल्लागार झालो. धंदा सांगायला सोपा आहे. एखाद्या संस्थेचा सगळा कारभार जुन्या कॉम्प्युटरवर चालत असतो. तो खिळखिळा होतो, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. मग नवी सिस्टीम कशी उभारायची त्याचा आराखडा मी करतो आणि जुन्यातली सगळी माहिती नव्यात नेऊन बसवतो. याला मायग्रेशन म्हणतात. काही काळ दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी चालवायच्या, दोघींची उत्तरं जुळतात का ते बघायचं, आणि खात्री पटली की जुनी बंद करायची. शेजारी चालवण्याच्या त्या काळाला आम्ही पॅरलल रन म्हणतो.

हे सगळं मी अण्णांना दिवाळीला गावी जाऊन समजावलं. ते नीट ऐकत होते.

"म्हंजी ह्या डब्यातलं काढून त्या डब्यात?"

"हो, तसंच."

"मग त्येच्यात तुझं डोस्कं कुठं लागतंय?"

मी आणखी थोडा प्रयत्न केला, मग सोडून दिला. पण जाताना त्यांनी मला वेशीपर्यंत पोचवलं आणि तिथं थांबून विचारलं, "ते जाऊ दे. लोकायला काय सांगू म्या? सायब कोन तुझा? हापिस कुठलं?" साहेब कुणी नव्हता आणि ऑफिस म्हणजे खोलीतलं एक टेबल. अण्णांच्या बरोबरीच्या माणसांची मुलं मास्तर होती, फौजदार होती, बँकेत होती. त्यांना एका शब्दात उत्तर देता यायचं. अण्णा म्हणायचे, "हैदराबादला असतो." मुलगा काय करतो असं विचारल्यावर तो कुठं असतो ते सांगायचं. मला ते लागलं. चांगलं कमावत होतो, काम मिळत होतं, पण माझ्या बापाला माझं काम चारचौघांत सांगता येत नव्हतं, आणि ते त्यांना सांगता यावं एवढीच माझी इच्छा उरली होती. बाकीची प्रगती त्यापुढे फिकी वाटायची.

अशात सुलतान बाजारातल्या एका खासगी ट्रस्टचं काम आलं. त्या भागात ट्रस्टची पुष्कळ घरं आणि दुकानं भाड्यानं दिलेली. कापडवाले, पुस्तकवाले, बांगड्यावाले, वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबं. ट्रस्टचा एक नियम मूळ मालकापासून चालत आलेला होता. जुन्या भाडेकरूला उठवायचं नाही. नवे भाडेकरू मात्र नव्या करारावर, आणि नव्या करारात जागा खाली करून घ्यायची मुभा होती. नवी सिस्टीम एक सॉफ्टवेअर कंपनी बनवत होती. माहिती जुन्यातून नव्यात नेण्याची जबाबदारी माझी होती.

पहिल्याच चाचणीत नव्या सिस्टीमनं शेकड्यानं नोंदी परत फेकल्या. भाडेकरू कधीपासून आहे, त्या रकान्यात वर्षं होती १३४९, १३५१, १३५६. बैठकीत त्या कंपनीच्या टीमचा प्रमुख, चेन्नईचा एक मुलगा, हुशार आणि घाईत, म्हणाला की हा कचरा आहे, कुणीतरी आंधळेपणानं टाइप केलंय, इथं सिस्टीम सुरू होण्याची तारीख घालून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची चूक नव्हती. कुठल्याही पुस्तकात हाच इलाज लिहिलेला असतो. पण तसं केलं असतं तर सर्वांत जुने भाडेकरू एका रात्रीत सर्वांत नवे झाले असते, आणि पुढच्या छपाईत त्यांच्या नावानं नवे करार निघाले असते.

मी त्या आकड्यांकडे बघत होतो आणि कानात अण्णांचा आवाज येत होता. "माझा जन्म तेराशे चाळीस फसलीचा." आमच्या लहानपणी आम्ही भावंडं त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. म्हणायचो, ज्या सुलतानानं दिल्लीची राजधानी उचलून दौलताबादेला आणली, त्याच्या वेळचे आमचे अण्णा. (पुढे धंद्यात पडल्यावर कळलं की तो सुलतान आमच्यातलाच. फक्त पॅरलल रन न करता निघाला, म्हणून फसला.) आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तेव्हा सरकारी कारभार फसली सनानं चालायचा, शाळा उर्दूतून, आणि अण्णा त्या शाळेत शिकलेले. तेराशेच्या आकड्यात पाचशे नव्वद मिळवले की आपलं साल येतं, हे आमच्या घरात शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

मी बैठकीतून उठलो तो थेट ट्रस्टींच्या खोलीत. जुने हैदराबादी, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मी विचारलं, "साहेब, ये फसली सन है ना?"

त्यांनी चष्मा काढला. "फसलीच है मियाँ. सब लोगां मशीन से पूछ रहे, मेरे से किसी ने पूछाच नईं." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "आप किधर के?"

"परभणी के."

"तो आप बाहर के नईं. आप तो घर केच हैं."

त्या शहरात राहून मला इतकी वर्षं झाली होती, पण मी त्या दिवशी तिथं पोचलो असं मला वाटतं.

काम एवढ्यावर संपत नव्हतं. महिनेही फसली होते. एक नंबरचा महिना म्हणजे जानेवारी नव्हे, आजूर, आणि तो येतो आपल्या ऑक्टोबरात. नुसते पाचशे नव्वद मिळवून चालणार नव्हतं, कारण अर्ध्याहून जास्त महिने पुढच्या सालात पडतात. ट्रस्टींना महिने मागचे पुढचे होऊ लागले. मी नारायणगुड्याच्या एसटीडी बूथवरून गावच्या पोस्टात फोन लावला, अण्णांना बोलावून ठेवायला सांगितलं आणि थोड्या वेळानं पुन्हा लावला. अण्णा धापा टाकत फोनवर आले. काहीतरी वाईट घडलंय अशी त्यांची खात्रीच होती.

"अण्णा, फसलीचे महिने सांगा. ओळीनं."

मग त्यांनी घसा साफ केला आणि पाढे म्हणावेत तसे म्हणाले, "आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान." कुठं अडखळले नाहीत. मी लिहीत होतो आणि बूथवाला माझ्याकडे संशयानं बघत होता. कुठला महिना किती दिवसांचा तेही त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "छडी खाऊन पाठ केलंय. पर हे कशापायी रे?"

"लोकांची घरं जाऊ नयेत म्हणून," मी म्हणालो आणि थोडक्यात सगळं सांगितलं.

ते नुसतं "बरं" म्हणाले. पण फोन ठेवायची त्यांना घाई नव्हती, आणि पोस्टमास्तरला ते मोठ्यानं काहीतरी सांगत होते ते मला ऐकू येत होतं.

मी त्या महिन्यांवरून तारखा बदलणारा प्रोग्रॅम लिहिला. ट्रस्टींना स्वतःला पक्क्या ठाऊक असलेल्या तारखांवर तो पडताळून पाहिला, सगळ्या जुळल्या. जुनी फसली तारीख मी पुसली नाही. तिच्यासाठी शेजारी एक रकाना ठेवला, म्हणजे पुढे कुणालाही दोन्ही दिसाव्यात. चेन्नईच्या त्या मुलानं स्वतःहून हात मिळवला आणि असं आणखी काय काय असू शकतं ते माझ्याकडून समजून घेतलं. पॅरलल रन सुरळीत पार पडला, जुनं मशीन बंद झालं, आणि सुलतान बाजारात एकाही दाराला नवं कुलूप लागलं नाही. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी बाजारातून विनाकारण दोन चकरा मारल्या. दुकानांत लोक साड्या उलगडत होते, भाव करत होते. माझं नाव त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माझी छाती मात्र शर्टात मावत नव्हती.

पुढे रूळ रुंद झाले, गाडी मोठी झाली आणि अण्णा हैदराबादला आले. तोवर मी आणि सुनंदा, माझी बायको, तारनाक्याला राहायला आलो होतो. अण्णांनी चारमिनार नंतर बघू म्हटलं, आधी तुझं ते हापिस दाखव. मी त्यांना ट्रस्टमध्ये घेऊन गेलो. ट्रस्टी उठून उभे राहिले, आणि माझा धोतरातला शेतकरी बाप शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच तासभर स्वच्छ उर्दूत बोलला. मी त्यांना तसं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ट्रस्टींनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही रकाने बोट ठेवून वाचले, आजूर १३५१ आणि शेजारी आपली तारीख.

"आपके फ़रज़ंद ने एक घर भी हिलने नईं दिया," ट्रस्टी म्हणाले.

परतीच्या बसमध्ये अण्णा पिशवी मांडीवर धरून बराच वेळ हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर बघत होते.

त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी घरात होतो आणि अण्णा ओट्यावर. कुणी पाहुणा आला होता. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, थोरला काय करतो म्हणून. मी आत कान टवकारले.

"लोकायचं सामान जुन्या घरातून नव्या घरात नेतो," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "फुटू देत नाही काही."

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर इंग्रजीत चार ओळी आहेत. त्यांतली एकही एवढी अचूक नाही. अण्णा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. नंतर मी मोठी कामं केली, बँकांची, दवाखान्यांची, परदेशातलीसुद्धा, आणि प्रत्येक ठिकाणी कुणी काय करता विचारलं की मनात आधी हेच वाक्य येतं.

गाव कुठलं विचारलं तर मी परभणी सांगतो, घर विचारलं तर तारनाका. आमची लेक गार्गी तीन भाषा एका वाक्यात बोलते आणि मराठी पाटी वाचायला लागली की मी श्वास रोखून उभा असतो. क्लायंटला मी जुनी सिस्टीम बंद करायची तारीख नेमून देतो, त्यात सवलत नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र मी ती तारीख कधी दिली नाही आणि देणारही नाही. दोन्ही चालू आहेत, दोघींची उत्तरं बऱ्याच वेळा जुळतात, आणि जिथं जुळत नाहीत तिथं मी दोन रकाने ठेवतो. माझ्यापुरतं घर म्हणजे हेच.

मागच्या वर्षी गार्गी नोकरीसाठी कॅनडाला निघाली. सुनंदानं लोणचं घातलं होतं, मी मायची ती बरणी धुऊन पुसून आणली आणि बाजारातून ज्वारीही आणली. गार्गीनं कपाळाला हात लावला. "बाबा, नक्को. ज्वारी बघून ते लोक मलाच परत पाठवतील." मग तिनं बरणी तिच्या पद्धतीनं बांधली, लोकरीचे मोजे, मफलर आणि एक जुनी चादर गुंडाळून. मला ते काही पटलं नव्हतं. विमानतळावर मला तिला बरंच काही सांगायचं होतं, पण तोंडातून एकच निघालं, पोचलीस की बरणीचं कळव.

फोन आला तेव्हा मी हॅलोसुद्धा म्हणालो नव्हतो.

"नाही फुटली, बाबा," ती म्हणाली.