राणीच्या हातातली तलवार

तेदेकेनच्या तोंडाला आमच्या गावात कुणी लागत नसे. सिंहदेवाच्या देवळाच्या भिंतींना चुन्याचा हात द्यायचा आणि वर रंग भरायचा, हे तिचं जन्मभराचं काम. नवरे दोन झाले. दुसरा का पळाला ते मला पक्कं ठाऊक आहे, पण सांगायची सोय नाही, तिच्या सुना अजून हयात आहेत.

म्हातारपणी तिला एकच हवं होतं. देवळातल्या फरशीवर आपली पावलं कोरलेली असावीत. पावलं तिथं राहिली की मेल्यावरही माणूस देवापुढं उभंच असतं. जागा द्यायची ती पुजारी मलोतोननं.

अशात उत्तरेकडचे वकील तहासाठी यायचे ठरले. मलोतोननं तिला भिंतीपाशी बोलावलं. भिंतीवर दाराच्या एका अंगाला राजाचं चित्र, दुसऱ्या अंगाला कंदाकेचं, म्हणजे आमच्या राणीचं. दोघांच्याही एका मुठीत कैद्यांचे केस, दुसऱ्या हातात तलवार.

"राणीची तलवार आणि कैदी चुन्याखाली घाल. हातात कमळ काढ."

"आणि राजाचे कैदी?"

"ते राहू देत. राजानं मारलं तर पाहुण्यांना चालतं. बाईनं मारलेलं दिसलं की जिव्हारी लागतं."

"मग लागू दे की. मारलंयच तिनं."

"तेदेकेनबाई, आत सिंहाच्या पायाशी जागा देतो तुला."

बाईनं दारातून आत सिंहाच्या पायांकडं पाहिलं. मी सावलीला बसलो होतो. तिथून सारं दिसत होतं. मग तिनं राणीच्या दंडावर थाप मारली. आमच्या राण्या भरदार. त्या दंडात मलोतोनची कंबर दोनदा मावली असती.

"हा दंड मी रंगवलाय. ह्याच्या हाती फूल दिलं तर माझीच पावलं मला लाथ घालतील. तुझी जागा तुला ठेव, बाबा."

गिलावा करणाऱ्या साऱ्या बाया तिच्याच हाताखाली शिकलेल्या. एकीनंही थापी उचलली नाही. शेवटी मलोतोन स्वतः चुना कालवायला बसला आणि हात पोळून उठला.

पाहुणे आले. भिंत पाहिली, ज्वारीची दारू प्याले, तह केला. एकानं तेवढा राणीकडं बघत स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

आतली जागा गेली ती गेलीच. तेदेकेननं छिन्नी घेतली आणि बाहेर, राणीच्या तलवारीखालच्या दगडावर, स्वतःची पावलं स्वतःच कोरली. बोटं देवाकडं हवीत अशी रीत. तिची बोटं मलोतोनच्या घराच्या दाराकडं आहेत.

ती गेल्यावरही तो मागच्याच दारानं ये-जा करायचा.