न्हाणीतली स्टीलची दांडी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी प्लंबर. हल्ली कामं म्हाताऱ्यांच्या घरातलीच जास्त. न्हाणीत धरायला स्टीलची दांडी, कमोड, न घसरणारी फरशी. एकदा पडलं की पोरं उचलून आपल्या गावी नेणार, घर सुटणार, ही सगळ्यांची धास्ती. म्हणून मला बोलावतात. आणि बोलावून अशी एकेक तऱ्हा करतात की मी रोज नवा धक्का खाऊन घरी जातो! दारातच बायको विचारते, "आज काय बघून आलासा?"

इंदूकाकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना झ्याक कमोड बसवून दिला. महिन्यानं नळ गळतोय म्हणून गेलो, तर कमोडवरचं प्लास्टिक तसंच, वर क्रोशाचा रुमाल!

"काकू, वापरत न्हाईसा व्हय?"

"नवा हाय न्हवं! पावणंरावळं आल्यावर काढायचा."

आणि स्वतः जुन्याच संडासात, भिंतीला धरून! मी कपाळाला हात लावला.

जाधव मास्तरांच्या वॉकरला उंबरा आड यायचा. मास्तरीणबाई फोडू देईनात. शेवटी उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, माफी मागितली, तेव्हा कुठं छिन्नी लावली. दुसऱ्या दिवशी फोन, मास्तर पडले! पन्नास वर्षांच्या सवयीनं, उंबरा नसलेल्या जागी पाय उचलला आणि तोल गेला. नशीब, लागलं नाही. आणि बाई काय म्हणाव्यात?

"उंबरा परत बसवा!"

मी हबकलोच.

आमच्या गल्लीतले आबा म्हणजे जुने पैलवान. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटेच. त्यांची दांडी बसवून जरा चहाला गेलो. परत येतोय तर आबा दांडी हातात घेऊन उभे, चार फरशांसकट!

"कच्चं काम हाय रं तुझं. नुसता जरा हिसका दिला."

अहो, सिमेंट ओलं होतं की! दुसरी दांडी भिंतीतनं आरपार बोल्ट घालून बसवली.

मग आबांना न्यायला पुण्याहून मुलगा आला. म्हणाला, "आधी बाथरूम बघतो. पटलं तर राहा, नाहीतर उद्या गाडीत बसायचं." आबांचा चेहराच उतरला. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी! मी पुढं होऊन न्हाणीचं दार उघडलं.

"बघा साहेब, अजिबात न घसरणारी फरशी," मी म्हणालो. साहेबांनी पाय टाकला आणि सपकन आडवे! मी ओरडलोच. फरशीला बोट लावून बघतो तर तेल!

"आबा, हे काय?"

"तेल चोळल्याबिगर आंघोळ करतोय व्हय कोण? तालमीपासनं सवय हाय."

"मग तुम्ही कसं उभं ऱ्हातासा?"

"दांडी धरून की!"

मुलाचा पाय मोडला. प्लास्टर, गाडी बंद, मुक्काम कोल्हापुरातच. रोज काखेत हात घालून आबाच त्याला कमोडवर बसवायचे.

परवा बघायला गेलो, तर आबा फोनवर सुनेशी बोलत होते.

"पोरी, तू काळजी करू नगंस. पर ह्याला तिकडं पुण्यात तिसऱ्या मजल्यावर ठेवणं काय बरं न्हवं बघ. पडतोय त्यो. ऱ्हाऊ दे हितंच, माझ्या नजरंखाली!"